मागून घेतलेली दुवा

जिपारला एकच बूट सापडत होता.

दाराजवळ सगळ्या मंडळींची पायताणं पडली होती. ती वाकून एकेक जोडी बाजूला सारत होती आणि दुसरा बूट काही हाताला लागत नव्हता. आतल्या खोलीत गाणं शेवटच्या कडव्यावर आलं होतं. ते संपलं की कुबात आगाय कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या पोरांना मधल्या गाद्यांवर बोलावणार, सगळे भोवती जमणार, डोक्यावर हात ठेवणार. त्याच्या आत तिला तिथून सटकायचं होतं.

"काय शोधतेस गं एवढं?" दाराशी स्टुलावर बसलेल्या साबिरा एजेंनी विचारलं. सगळ्या पोरांच्या त्या थोरल्या ताई, म्हणून एजे.

"बूट."

"एकच आणला असशील."

जिपारने मान वर केली. एजेंचा घेरदार झगा नेहमीपेक्षा जरा जास्तच पसरला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लोणी चोरून खाल्लेल्या मांजरीचा भाव होता.

"एजे, उठा ना जरा."

"मी म्हातारी बाई. एकदा बसले की उठवत नाही."

"तुम्ही बुटावर बसलाय."

"बसलेय. मग? तू आत जाऊन बस, मी इथून उठते."

साबिरा एजेंनी सारा जन्म सरकारी गोठ्यात गाईंचं दूध काढण्यात घालवला होता, त्यामुळे अडून बसलेल्या जनावराला कसं हाकायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. जिपार तिथेच उकिडवी बसली. खालच्या आवाजात म्हणाली, "मागच्या वर्षी तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी उपास धरले होते. आणि मी पहिल्याच भागात पेन्सिल टाकून उठून आले. आता पुन्हा कुठल्या तोंडाने मधे जाऊन बसू?"

"याच तोंडाने. दुसरं आहे का तुझ्याकडे?"

"चेष्टा नका करू."

"चेष्टा कुठली? तुझं दुःख काय, आमचे उपास वाया गेले हेच ना? माझे गुडघे दुखत होते ते त्या उपासांनी थांबले. वजन उतरलं. तुझे उपकारच झाले म्हण." एजेंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो उचललाच नाही. "जा पोरी. आत जा."

जिपार आत गेली.

आकतेरेकसारख्या मुसलमान गावात ईसाला, म्हणजे येशूला, मानणारी माणसं ती किती असणार! एका मध्यम खोलीत सगळी बसायची आणि तरी भिंतीला टेकायला जागा उरायची. गाव त्यांना हाकलत नव्हतं, पण लग्नकार्यात पहिल्या पंगतीलाही बसवत नव्हतं. कुबात आगाय, म्हणजे कुबात गुरुजी, हे त्यांचे पुढारी. आठवडाभर ते कोचकोरच्या रस्त्यावर आपली मार्शरुत्का, ती भाडं घेऊन माणसं नेणारी छोटी गाडी, चालवायचे आणि रविवारी उपदेश करायचे. दोन्ही कामं ते सारख्याच संथपणे करत. वक्तृत्व त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मंडळींनाही.

गाद्यांवर त्या वर्षी पाच पोरं बसली. आगाय त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.

"डोलोनच्या घाटात गाडी तापते," ते म्हणाले. "दर उन्हाळ्यात तापते. मी अजून एकाही ड्रायव्हरला गाडी तिथेच टाकून पायी घरी जाताना बघितलेलं नाही. गाडी बाजूला घ्यायची. झाकण उघडायचं. निवू द्यायची. मग निघायचं."

पोरं वाट बघत होती. आणखी काही येईल असं वाटत होतं.

"तुम्ही पहिले या, असं मी देवाकडे मागत नाही," आगाय म्हणाले. "कॉलेजात फुकटची जागा मिळो असंही मागत नाही. म्हणजे मिळाली तर उपकारच. पण मी एवढंच मागतोय, की शेवटची घंटा होईपर्यंत तुम्ही जागेवर बसून राहा. शास्त्रात तो माणूस आहे बघा, पहाटेपर्यंत देवदूताशी झोंबत राहिला. कंबर निखळली तरी म्हणतो, आशीर्वाद दिल्याशिवाय सोडत नाही. तो काही मोठा पहिलवान नव्हता. त्याने फक्त सोडलं नाही."

मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. या मंडळींची रीतच अशी, की सगळे एकदम मोठ्याने बोलायला लागतात आणि कोण काय मागतंय ते देवालाच ठाऊक. त्या गलक्यात जिपारच्या डोक्यावर साबिरा एजेंचा हात होता. दूध काढून काढून तो हात लाकडासारखा झालेला होता, आणि त्याचं ओझं तिला बरं वाटत होतं.

बाहेर पडताना एजेंनी बूट दिला, वर कागदात बांधलेले बोरसोकही दिले. तळलेल्या पिठाचा तो वास घेऊन जिपारला घरी निघावंसं वाटेना.

"आता काय?" एजेंनी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे बरंच काही दिसतंय."

जिपारने बुटाची नाडी दोनदा बांधली. "आजोबा मला दुवा देत नाहीत."

ती गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती.

दोन वर्षांपूर्वी, जिपार नुकतीच मंडळीत आली होती तेव्हा, तिच्या काकाने नवं घर बांधलं आणि मेंढी कापून सगळ्या गल्लीला जेवू घातलं. जेवण झाल्यावर असानाली आजोबांनी, घरातले सगळ्यात वडील म्हणून, तळहात उघडून दुवा द्यायला सुरुवात केली. त्याबरोबर पंगतीतल्या प्रत्येकाने आपापले हात पसरले. तान्ह्या पोरांचे हातसुद्धा त्यांच्या आयांनी धरून पसरवले. फक्त जिपारचे हात मांडीवर होते. त्याच आठवड्यात राजधानीहून आलेल्या एका पाहुण्याने मंडळीत सांगितलं होतं की हे सगळं जुनं, आपण नव्या माणसांनी ते सोडायला हवं. सोळा वर्षांच्या मुलीला नवं होण्याची भारी घाई असते. आजोबांचे डोळे त्या वेळी चांगले होते. त्यांनी बघितलं. दुवा पुरी केली, चेहऱ्यावरून हात फिरवले, आणि नंतर त्याबद्दल अवाक्षरही काढलं नाही.

रागावले असते तर परवडलं असतं. ते पूर्वीसारखेच बोलत, चहा मागत, तिने केलेल्या भाकरीला नावं ठेवत, ती आजारी पडली तर शेजारणीला बोलावून आणत. पण दुवा नाही. घरात मेंढी कापायला सुरी घेतली, कोकरू झालं, पाहुणा निघाला, की त्यांचे हात उघडत, आणि ती खोलीत असेल तर आधी तिला काहीतरी आणायला बाहेर पाठवत. गेल्या वर्षी परीक्षेला निघाली तेव्हा "दार नीट लावून घे" एवढंच म्हणाले आणि गाईला चारा टाकायला निघून गेले. त्या दिवशी परीक्षेच्या दालनात गणिताचा पहिलाच प्रश्न अडला, आणि तिला एकदम वाटलं की आपल्या पाठीशी कुणी नाही. त्यानंतर तिला काही सुचलं नाही. ती उठून बाहेर आली.

गावाने अर्थातच संधी सोडली नाही. "ईसाने पेपर फोडला नाही वाटतं," असं दुकानदारीण बाई साखर मोजता मोजता म्हणाली होती.

"तू मागितलीस?" साबिरा एजेंनी विचारलं.

"काय?"

"दुवा."

"दुवा कुणी मागतं का? मोठी माणसं आपणहून देतात."

"देतात. पण वाढलेल्या ताटावरून जी उठून गेली, तिला पुन्हा आपणहून कोण वाढणार? तिने परत येऊन म्हणायला हवं, भूक लागलीय." एजेंनी डोक्याचा रुमाल घट्ट केला. "आणि त्या राजधानीच्या पाहुण्याला मी तेव्हाच सांगणार होते, की बाबा, आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडची दुवासुद्धा देवच ऐकतो, दुसरा कोण बसलाय तिथे? पण तो जेवून लगेच निघून गेला."

बुधवारी संध्याकाळी जिपार मागणार होती. तिने मनाशी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

आजोबा खिडकीपाशी बसून लगाम दुरुस्त करत होते. हल्ली त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पांढुरकी साय आली होती. दाभण कातड्यातून बाहेर कुठे येतंय ते ते अंगठ्याने चाचपून बघत. जिपारने चहा ओतला, दूध घातलं, वाडगा त्यांच्या हाताला लावून ठेवला. आई-बाबा मॉस्कोला गेल्यापासून या घरात ती दोघंच होती. बाबांचा फोन कालच येऊन गेला होता. तिथल्या गोदामात मुलींना काम मिळतंय, या वर्षी डॉक्टरकीला फुकटची जागा मिळाली नाही तर महिनाअखेरीस तिकीट काढतो, आजोबांना काका नेईल. बाबा हे प्रेमानेच बोलले. त्यात चूक काढावी असं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते ऐकून तिला रडू आलं होतं.

"उद्या मेंढ्यांची पाळी आपली आहे," आजोबा म्हणाले.

गल्लीतल्या सगळ्या घरांच्या मेंढ्या एकत्र चरायला जातात आणि राखायची पाळी घरोघरी फिरते. त्यांच्या घरची पाळी नेहमी जिपारच करायची.

"माझी परीक्षा आहे उद्या."

"मला माहीत आहे. मी जाणार आहे."

"तुम्हाला दिसत नाही नीट. शेजारचा बेइशेनदादा म्हणत होता, तो बदलून घेईल."

"बेइशेनला स्वतःच्या मेंढ्या मोजता येत नाहीत. मला दिसत नसलं तरी घोडीला दिसतं." त्यांनी दाभण ओढलं. "ती माझ्याहून शहाणी आहे."

ती हसली. वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. आजोबांनी लगाम खाली ठेवला. ते कशाची तरी वाट बघत असावेत असं तिला वाटून गेलं, पण तेवढ्यात ते खोकले, आणि ती म्हणाली, "चहा गार होतोय."

"होऊ दे," आजोबा म्हणाले आणि उठून आपल्या खोलीत गेले.

दोघांच्या खोल्यांमधे एकच मातीची भिंत होती. पलीकडे आजोबा जोडे काढत असलेले तिला ऐकू आले, मग खाट करकरली, मग खोकला. तिने नेहमीप्रमाणे गादीवर गुडघे टेकून पुटपुटत प्रार्थना केली आणि आडवी झाली.

सकाळी ती उठली तेव्हा घोडी गोठ्यात नव्हती.

परीक्षा तालुक्याच्या शाळेत होती. दारावर ओळखपत्रं तपासली, पिशव्या काढून घेतल्या, एका बाईने जिपारच्या वेणीतसुद्धा हात घालून बघितलं. खिडकीबाहेर सफरचंदाच्या झाडांना फुलं आली होती आणि मागे डोंगरावर अजून बर्फ होतं. जिपारला मधल्या रांगेतली जागा मिळाली. पुढच्या बाकावरच्या मुलाची मान भीतीने लालबुंद झालेली होती, आणि ती बघून तिला उगीचच धीर आला.

गणित पहिलंच.

पहिला प्रश्न आला. दुसराही आला. तिसऱ्याला अडलं, चौथ्याला अडलं, आणि पाचवा तिने वाचला तर त्यातले आकडे एकमेकांत मिसळायला लागले. कानशिलं तापली. सगळीकडे पेन्सिली चालल्याचा आवाज येत होता आणि त्या सगळ्या पेन्सिलींना उत्तरं माहीत होती. दार उजव्या हाताला होतं. गेल्या वर्षी ते डाव्या हाताला होतं, तिला आठवलं. उठायला फक्त गुडघे सरळ करावे लागतात.

तिने पेन्सिल खाली ठेवली.

देखरेखीच्या बाई लगेच जवळ आल्या. "काय झालं? बरं वाटत नाही का?"

"तापलंय," जिपार म्हणाली.

"ताप आलाय? बाहेर जायचंय?"

"नाही नाही. निवू देते जरा."

बाईंना काही कळलं नाही, पण त्या दयाळू असाव्यात. त्यांनी खिडकीची एक झडप उघडली आणि पुढे गेल्या. गार वारा आत आला. जिपारने हात मांडीवर ठेवले आणि श्वास मोजत बसली. डोलोनच्या घाटात बाजूला घेतलेल्या गाड्या आणि त्यांच्या सावलीत बसून ताक पिणारे ड्रायव्हर तिला दिसले. कुणालाच घाई नसायची. आत्ता या वेळी साबिरा एजे उपाशीपोटी चुलीपाशी बसल्या असतील आणि देवाला तिचं नाव सांगत असतील, बहुतेक जरा दटावूनच. तिने मनाशी म्हटलं, प्रभू, पहिला प्रश्न आला त्याबद्दल आभार. दुसरा आला त्याबद्दल आभार. मग तिसरा सोडून देऊन ती पुढचं पान वाचायला लागली, कारण येत नाही त्याच्या नावाने रडत बसायला तिथे वेळ नव्हता. सातवा आला. त्याचेही आभार मानले. नववा सोपा होता, तर तिला हसू आलं. पुढे पुढे ती एकेका गोलात काळं भरत होती आणि एकेकाचे आभार मानत होती, आणि सोडून दिलेल्या प्रश्नांकडे परत आली तेव्हा त्यांतला एक आपणहून सुटला.

सगळं आलं असं नाही. तिसरा प्रश्न शेवटपर्यंत आलाच नाही. पण गणित संपलं, भाषेचा भाग आला, तोही संपला, दुपारनंतरचे जीवशास्त्र आणि रसायन तर तिचेच विषय होते. शेवटची घंटा झाली तेव्हा ती जागेवर होती. बाईंनी कागद ओढला तरी तिने तो क्षणभर धरून ठेवला होता.

शाळेच्या फाटकाबाहेर कुबात आगाय गाडीला टेकून उभे होते. त्यांनी गुण विचारले नाहीत, प्रश्न विचारले नाहीत.

"बसलीस?"

"बसले."

आगायांनी डोक्यावरची टोपी काढली, आभाळाकडे बघून "उपकार झाले" म्हणाले, आणि टोपी पुन्हा घातली. मग गाडीत बसल्यावर आरशातून तिच्याकडे बघत म्हणाले, "साबिरा एजेंना फोन कर बाई. जेवत नाहीयेत."

परतताना पोरांनी साबिरा एजेंचे बोरसोक संपवले आणि तिसऱ्या प्रश्नावरून भांडण केलं. पाचही जणांची पाच वेगळी उत्तरं निघाली. जिपार खिडकीला डोकं लावून बसली होती. तिला इतकं हलकं वाटत होतं की झोप येत नव्हती. मॉस्कोचं काय होईल ते निकालावर होतं आणि निकाल आता तिच्या हातात नव्हता. पण बसून राहणं तिच्या हातात होतं, आणि ते तिने केलं होतं. हे देवाने करून घेतलं असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. आणि तरी तिच्या मनात एक जागा रिकामी होती. तिथे कुणाला बसवायचं ते तिला ठाऊक होतं.

गावाच्या अलीकडे रस्ता मेंढ्यांनी भरून गेला होता. आगायांनी गाडी थांबवली.

"तुमच्या गल्लीच्या मेंढ्या ओढ्याकडच्या वाटेने येतात," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "आज रस्त्यावर काय करताहेत?"

धुळीतून घोडी पुढे आली. तिच्यावर असानाली आजोबा बसले होते, नमद्याची काल्पाक टोपी डोळ्यांवर ओढून. त्यांना गाडी दिसत नसावी, पण आवाज ओळखला असणार. जिपारने दार सरकवलं आणि उतरली.

"जिपार?"

"हो आजोबा."

"झाली?"

"झाली."

"मधेच उठलीस?"

"नाही. शेवटपर्यंत बसले."

"हं," आजोबा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा "हं" म्हणाले आणि घोडी वळवायला लागले.

जिपारने पुढे होऊन लगाम धरला. काल संध्याकाळी शिवलेला टाका तिच्या बोटांना लागला. जुळवून ठेवलेलं वाक्य तिला आठवेना, म्हणून ती नुसतीच म्हणाली, "मला दुवा द्या."

घोडी थांबली. गाडीतली पोरं दाराशी सरकली.

"आता?" आजोबा म्हणाले. "परीक्षा आटोपून आलीस आणि आता दुवा? वरातीमागून घोडं?"

"परीक्षेसाठी नकोय. परीक्षा देवाने पार पाडली. मला तुमची दुवा हवीय. भूक लागलीय मला तिची."

"तुमच्यात चालते का?"

"चालते. काकाच्या घरीही चालली असती. मला कळलं नव्हतं तेव्हा. चुकले मी."

आजोबा घोडीवर ताठ बसून राहिले. दोन-तीन मेंढ्या मागे वळून आल्या आणि जिपारच्या पायांना घासून गेल्या. मग आजोबांनी चाबूक बगलेत दाबला आणि दोन्ही तळहात उघडले. जिपारने आपले हात इतके घाईने पसरले की लगाम तिच्या मनगटाला गुंडाळलेला तसाच राहिला.

"वाट मोकळी असो," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोठा असेल असं तिला आठवत नव्हतं. "हाती घेशील ते तडीला जावो. तुझ्या हाताला गुण असो. तुझ्या दारात येणारा रडत येवो आणि हसत जावो. ज्यांनी तुझ्यासाठी उपास केले त्यांच्या घरात दूध उतू जावो. एकटी पडू नकोस."

"आमीन!" गाडीतून आवाज आला. आगाय आणि चारही पोरं हात पसरून बसली होती, आणि रविवारच्या सवयीने सगळी एकदम ओरडली. घोडी दचकून दोन पावलं मागे सरली.

जिपारने चेहऱ्यावरून हात फिरवले. हात ओले झाले. तिने डोळे उघडले तर आजोबांचे तळहात अजून तसेच उघडे होते.

"आता तू," ते म्हणाले.

"मी काय?"

"मला दे."

"मी? आजोबा, लहानांनी मोठ्यांना कुठे..."

"रीत मला शिकवू नकोस. या रस्त्यावर माझ्याइतका म्हातारा कुणी नाही." त्यांनी गाडीकडे तोंड वळवलं आणि आवाज खाली आणला. "रोज रात्री भिंतीपलीकडून मागत असतेस. तेच माग. समोर माग."

"तुम्हाला ऐकू येतं?"

"डोळे गेलेत. कान कुठे गेलेत?"

"रोज?"

"एक दिवस तू काकाकडे राहिलीस, तेव्हा मला झोप आली नाही," आजोबा म्हणाले. "चल. मेंढ्या पांगताहेत."

तिने पुन्हा हात उघडले. रोज पुटपुटलेलं ते साधं वाक्य मोठ्याने म्हणायला तिला फार कठीण गेलं. "प्रभू," ती म्हणाली, "तुझे उपकार, की तू मला आजोबांच्या हाताखाली वाढवलंस. त्यांना सांभाळ. मी डॉक्टर होऊन दारात उभी राहीन तोपर्यंत त्यांना राख, आणि तेव्हा त्यांना मी दिसू दे."

"थांब," आजोबा म्हणाले. "डॉक्टर व्हायला किती वर्षं लागतात?"

"सहा. मग आणखी दोन-तीन शिकावं लागतं."

आजोबांनी मान हलवत हिशेब केला आणि त्यांना तो पसंत पडला नाही.

"आणि नंतर काय, दारात बघितलं की मी लगेच निघायचं?" ते म्हणाले. "मागायलाच बसलीस तर हात आखडता कशाला घेतेस? भरपूर माग."

जिपारला रडता रडता हसू फुटलं. तिने तळहात आणखी रुंद केले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.